जपानी लोककथांमधला ‘कप्पा’ हे भूत आहे का? कार्टूनमध्ये तर तो गोंडस दिसतो, मग लोक त्याला घाबरायचे कशाला?

भूत नाही. मेलेल्या माणसाचं भूत होतं त्याला जपानीत ‘यूरेई’ म्हणतात. कप्पा हा ‘योकाई’, म्हणजे लोककथांतला अद्भुत जीव. तो कुणी मरून झालेला नाही, मुळातच तसा. नदीत राहतो, उंची लहान पोराएवढी, पाठीवर कासवासारखं कवच आणि टाळूवर बशीसारखा खळगा. त्या खळग्यातलं पाणी सांडलं की याची ताकद संपली. म्हणून कप्पा आडवा आला तर कमरेत वाकून नमस्कार घालायचा. पठ्ठ्या रीतभात पाळणारा, उलट नमस्कार करतोच. पाणी सांडतं, आपण सुटतो.

गोंडसपणा अलीकडचा. जुना कप्पा पोहणाऱ्या पोरांना आणि नदीवर नेलेल्या घोड्यांना खाली ओढायचा. माणसाच्या गुदद्वारातून ‘शिरिकोदामा’ नावाचा गोळा उपटायचा, की माणूस खलास. असा अवयव शरीरात नसतोच. पण बुडालेल्या प्रेताचं गुदद्वार सैल पडलेलं दिसतं, त्यावरून ही समजूत निघाली असं म्हणतात. मला ते पटतं.

उत्तर जपानात इवाते प्रांतात तोनो नावाचं गाव आहे, तिथे मी गेलो होतो. जोकेन्जी देवळामागे ‘कप्पाबुची’ आहे. नाव डोहाचं, पण प्रत्यक्षात झाडांच्या सावलीतला उथळ ओढा. काठावर बांबूची काठी, काठीला दोरी आणि दोरीला चक्क काकडी बांधलेली! काकडी कप्पाची जीव की प्राण. काकडीच्या सुशीला ‘कप्पामाकी’ म्हणतात ते त्यामुळेच. देवळातल्या राखणदार दगडी कुत्र्यांच्या डोक्यावरही बशीसारखा खळगा आहे. देवळाला आग लागली तेव्हा कप्पाने ती विझवली, अशी तिथली कथा.

गावात कप्पा पकडायचा परवाना विकत मिळतो. मीही घेतला, न घेऊन सांगतो कुणाला! अटी फर्मास आहेत: जिवंत पकडावा, बशीतलं पाणी सांडू नये, आमिष ताज्या भाजीचंच असावं. आणि एक अट अशी, की त्याचा चेहरा लालभडक असावा.

इतरत्र कप्पा हिरवा, तोनोचा मात्र लाल. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९१० साली तोनोच्या कथा पुस्तकरूपात आणल्या, त्यात हे आहे. त्याच पुस्तकात एका बाईला कप्पापासून मूल होतं. घरचे त्या अर्भकाचे तुकडे करतात, लहान पिंपांत भरतात आणि पुरून टाकतात. दुष्काळात जी तान्ही पोरं ठेवून घेणं परवडत नव्हतं, त्यांची आठवण या लाल चेहऱ्यात आहे, असं काहीजण मानतात.

हे पुस्तक मी परत आल्यावर वाचलं. परवाना तोवर फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. तो काढून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला.