शिकागोतील शाळांचा कारभार आणि मत नसलेला पालक

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई शिकागो शहरात राहतात. नात तिथल्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. शाळांचे मंडळ आता लोक निवडून देणार, असे मुलगी सांगते. पण ती दोघे अद्याप भारतीय नागरिक असल्याने त्यांना मत नाही. हा बदल कशासाठी झाला आणि अशा पालकांच्या हाती काही उरते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शिकागोचा महापौर आपल्याकडील महापौरासारखा सभेपुरता मानाचा धनी नसतो; शहराचा प्रत्यक्ष कारभार त्याच्याच हाती असतो. इलिनॉय राज्यात इतरत्र शाळा मंडळ सर्वसाधारणपणे मतदार निवडतात, शिकागोत मात्र ते नेमलेलेच असे. १९९५ च्या कायद्याने तर मंडळ आणि शाळांचा मुख्य कार्यकारी अधिकारी या दोन्ही नेमणुका थेट महापौराकडे गेल्या. जबाबदार कोण, हे लोकांना निदान कळावे, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण २०१३ मध्ये याच नेमलेल्या मंडळाने सुमारे ५० शाळा बंद केल्या. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या होत्या आणि संतापलेल्या पालकांना या मंडळाला मतपेटीतून जाब विचारण्याची सोय नव्हती. निवडून आलेल्या मंडळाची मागणी त्याआधीचीच, परंतु तिला खरे बळ मिळाले ते यानंतर.

२०२१ मध्ये राज्याने कायदा केला. त्यानुसार मंडळ २१ सदस्यांचे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये १० सदस्य निवडून आले, ११ महापौराने नेमले आणि जानेवारी २०२७ पासून सर्वच सदस्य निवडलेले असावेत, असे ठरले. २० जण आपापल्या विभागांतून आणि अध्यक्ष संपूर्ण शहरातून निवडायचा आहे. हे संक्रमण सुरळीत झाले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या मंडळाच्या सातही सदस्यांनी राजीनामे दिले, महापौरांनी नवे सदस्य नेमले आणि निवडून आलेले सदस्य पदावर येण्यास महिनाही उरला नसताना, डिसेंबरमध्ये, त्या मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला बडतर्फ करण्याचा ठराव केला. जाणाऱ्या मंडळाने येणाऱ्यांचे हात असे बांधणे मला उचित वाटत नाही, मग तो अधिकारी चांगला असो वा वाईट.

मंडळाचे अधिकार मोठे आहेत. अंदाजपत्रक, शिक्षकांशी करार, शाळा उघडणे वा बंद करणे, तसेच राज्याने घातलेल्या मर्यादेत मालमत्ता कर आकारणे हे सारे त्याच्याकडे येते. मात्र निवडणुकीने तिजोरी भरत नाही: २०२५ मध्ये मंडळापुढे ७३ कोटी ४० लाख डॉलरची तूट उभी होती.

आता आपल्या मुलीपुरते बोलायचे, तर तिच्या कामाचा कायदा याहून जुना, १९८८ चा आहे. त्याने शाळाशाळांत स्थानिक शाळा परिषद आणली. तिच्यात सहा पालक, परिसरातील दोन रहिवासी, दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि मुख्याध्यापक असतात. हायस्कुलात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. म्हणजे निम्म्या जागा पालकांच्या. दर दोन वर्षांनी होणाऱ्या या निवडणुकीत मत देण्यास किंवा उभे राहण्यास पालकाला नागरिकत्वाची अट नाही. ही परिषद मुख्याध्यापक निवडते, चार वर्षांचा करार देते, दरवर्षी त्याच्या कामाचे मूल्यमापन करते आणि शाळेच्या सुधारणा आराखड्याला मंजुरी देते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत असे म्हटले आहे, जे प्रमाण शिकागोहून जास्तच भरते. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक कोण असावा, हे ती समिती ठरवत नाही.

मुलीने आधी एक गोष्ट पाहावी. चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्र संस्थेकडून चालणाऱ्या शाळांना, अशी परिषद नसते, आणि काही विशेष शाळांत तिचे अधिकार सल्ल्यापुरतेच असतात. नातीची शाळा यांपैकी नसेल, तर परिषदेच्या सभा सर्वांना खुल्या असतात. पुढच्या सभेची तारीख शाळेच्या कार्यालयात विचारून घ्यावी आणि मुख्याध्यापकाचा करार कधी संपतो, हेही तिथेच विचारावे.