देवाचं पाचारण सेवेसाठी आहे की नोकरीसाठी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बरी चाललीय, पण घरचे आणि चर्चच्या मंडळीतले म्हणतात तुला सेवेचं पाचारण आहे, म्हणजे पाळक व्हायला देव बोलावतोय, आणि तुम्हाला मात्र आतून काहीच ऐकू येत नाही. हे सगळं माझ्यावरनं गेलंय म्हणून लिहितोय.

माझ्या जन्माच्या वेळी आई लई आजारी होती, तेव्हा वडिलांनी बायबलातल्या हन्नासारखा नवस केला की पोरगा जगला तर देवाला देईन. म्हणून बारावीनंतर सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा. दीड वर्ष काढलं. प्रवचनाला उभा राहिलो की माझंच बोलणं मला परक्याचं वाटायचं, आणि रविवारी दुपारी हॉस्टेलचा पाण्याचा पंप खोलून बसलो की जेवायचं भान राहायचं नाही. शेवटी सोडून कोल्हापूरला आलो, उद्यमनगरात लेथवर लागलो. काका भर तरुण संघात म्हणाले, "हा आमचा योना, देवाकडनं पळून आलाय." वडील गप्प बसले, ते जास्त लागलं.

पहिल्याच वर्षी एका पार्टीचं हाउसिंग, म्हणजे मशीनचं ओतीव कवच, आतनं बोअर करत होतो, शेवटच्या फिनिश कटला आत ब्लोहोल, म्हणजे ओतकामातली पोकळी, निघाला, वाटाण्याएवढा. लांबी (पुटी) भर, रंग मार, कोण बघतंय, असं शेजारचा म्हणाला. मला ते करवेना. मालकाला दाखवलं, जॉब भंगारात गेला, शिव्या खाल्ल्या. पण त्या संध्याकाळी मशीन पुसताना, त्या कूलंटच्या वासात, देव जवळ आहे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

काकांना तेव्हा बोलता आलं नाही ते आता बोलतो. योनाला निनवेला जा असं देवानं स्वतः सांगितलं होतं, मला तुम्ही सांगितलं होतं. बायबलात निर्गम ३१ वाचा, बसालेलला देवानं आपल्या आत्म्यानं भरलं ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड यांच्या कारागिरीसाठी. प्रेषित पौल करिंथात अक्विल्लाच्या घरी राहून तंबू करत होता. मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेसनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, त्याला आपण सगळे देवाचं काम म्हणतो ना, मग लेथनं काय पाप केलंय?

तुमचं म्हणाल तर आवाज येईल म्हणून थांबू नका. शमुवेलाला प्रत्यक्ष हाक आली तरी तो तीनदा एली याजकाकडंच धावला, ओळखून सांगायला म्हातारं माणूस लागलं. तसं एखादं वडीलधारं गाठा, ज्यानं तुम्हाला काम करताना बघितलंय आणि ज्याचा स्वतःचा नवस त्यात अडकलेला नाही.

पाळकसेवा कमी असं मी म्हणत नाही हां. सेमिनरीत माझ्या खोलीत असलेला मित्र आज खेड्यात पाळक आहे, मयताच्या घरी तो नुसता जाऊन बसला तरी रडणारी माणसं शांत होतात, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तुमच्यात तसलं काही लोकांना दिसत असेल तर मात्र पगाराकडं बघून थांबू नका.