दरडींचे संशोधन आमच्या गोठ्यापर्यंत पोहोचलेले नाही

उष्ण कटिबंधातील दरडींच्या धोक्याचे संशोधन कुठवर आले आहे आणि दरड आधी सांगता येते का, असे आपण विचारले आहे. ती कुठे कोसळू शकेल हे बऱ्यापैकी सांगता येते. केव्हा कोसळेल, हे सांगण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. हाँगकाँगने १९७२ च्या दुर्घटनांनंतर १९७७ मध्ये उतारांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले आणि पर्जन्यमापकांच्या दाट जाळ्यावर इशारे देणे सुरू केले. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडींच्या धोक्याचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर भरतो.

त्या अर्ध्या किलोमीटरात आमचा गोठा होता. पाटण तालुक्यातील आमच्या वाडीत थोरल्या बंधूंनी २०१९ साली जेसीबी लावून घरामागचा डोंगर पायथ्याशी बारा फूट उभा कापला. मी हरकत घेतली, तेव्हा 'आजोबांच्या काळापासून डोंगर हललेला नाही' हे उत्तर मिळाले आणि वर नकाशातला 'मध्यम धोका' दाखवला गेला. २२ जुलै २०२१ रोजी, ज्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर नोंद झाली, आमच्या झऱ्याचे पाणी दुपारीच गढूळ झाले. काकू म्हणाल्या, आता इथे थांबायचे नाही. आम्ही शाळेत रात्र काढली. सकाळी गोठा दोन म्हशींसह चिखलाखाली होता. त्याच पावसात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे माणसे गेली, त्यामुळे म्हशींचे दुःख बोलून दाखवण्याचीही लाज वाटली.

बंधू अजून ढगफुटीलाच दोष देतात. पाऊस निमित्त होताच. पण कुजलेल्या काळ्या कातळावरच्या मुरमात पाणी मुरले की कणांमधील पाण्याचा दाब वाढून घर्षण घटते, आणि पायथ्याचा आधार आधीच काढलेला असेल तर वरच्या मातीला अडवणारे काही उरत नाही. बारा फुटांचा असा काप त्या नकाशात ठिपक्याएवढाही दिसत नाही. शिवाय नोंद होते ती माणसे दगावलेल्या किंवा रस्ता अडवलेल्या दरडींची. जंगलात कोसळलेली दरड कोण मोजतो? अशा नोंदींवर बेतलेल्या पावसाच्या मर्यादा, म्हणजे किती पाऊस झाला की इशारा द्यायचा ते आकडे, मला अपुऱ्याच वाटतात.

मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे, भूवैज्ञानिक नव्हे, आणि काप नसता तरी तो उतार खाली आला असता, हे शक्य आहे. तरीही आपण घरासाठी विचारत असाल, तर नकाशाआधी घरामागे वर चढून भेगा, कललेली झाडे आणि नव्याने फुटलेले पाणी पाहावे. बंधूंनी गोठा पुन्हा बांधला आहे, त्याच जागी, आणि जागा पुरावी म्हणून डोंगर आणखी दोन फूट आत कापून.