गंजलेली चेन : तेल घालायचं की बदलायची?

प्रश्न : पंचवटीहून सातपूरला रोज सायकलने जातो. सायकल बिनगिअरची आहे. पावसाळ्यात बाहेर उभी राहून चेन तांबूस झाली. करकरते, चढावर दात सोडते. खोबरेल तेल घातलं, दोन दिवसांत पुन्हा तेच.

उत्तर : आधी मोजा. चेन ताणून एका पिनेच्या मध्यापासून २४ पिना पुढे स्टीलची पट्टी लावा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच भरतं. एक अष्टमांश इंच जास्त आलं, तर चेन झिजली. तेलाने ती आखूड होणार नाही. ती बदला. फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दात आकड्यासारखे वाकले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेनही घसरेल.

माप ठीक असेल आणि गंज वरवरचा असेल, तर चेन काढून तासभर रॉकेलमध्ये बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, पुसून पूर्ण वाळवा. रॉकेल आत राहिलं तर नवं तेल पातळ होतं. अडकणारी कडी आडवी हलवून मोकळी करा. दात सुटण्याचं कारण कधीकधी तेवढंच असतं. मग प्रत्येक रोलरवर, म्हणजे पिनेभोवतीच्या फिरत्या नळीवर, चेनच्या तेलाचा एकच थेंब. पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. ते राहिलं की धूळ चिकटते. खोबरेल नकोच, थंडीत गोठतं.

चेन परत बसवताना जोडकडीच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा.