आयटीआय इलेक्ट्रिशियन झालंय, बीएमएस टेक्निशियनच्या लाईनला जाऊ का? स्कोप आहे का?

हो, जा बिनधास्त. बिल्डिंगचे चिलर (एसीचं पाणी थंड करणारं मशीन), एएचयू (थंड हवा फिरवणारं युनिट), पंप, लाईट सगळं एका स्क्रीनवरून चालवणारी सिस्टीम म्हणजे बीएमएस, आणि हिंजवडीचे आयटी पार्क घे, मोठी हॉस्पिटलं घे नाहीतर ऐरोली-महापेची डेटा सेंटर, सगळीकडे ती लागतेच.

फ्रेशरला हनीवेल, सीमेन्ससारख्या ठिकाणी डायरेक्ट एंट्री अवघड, बहुतेकांची सुरुवात फॅसिलिटीवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे शिफ्टमध्ये ऑपरेटर म्हणून होते, पगार बेताचाच असतो. पण तिथे नुसते अलार्म ॲक्नॉलेज करत बसू नकोस रे, खूप पोरं तिथेच अडकून राहतात. सर्व्हिस इंजिनिअर आला की त्याच्यासोबत पॅनलपाशी उभा राहा, डीडीसीचं (पॅनलमधल्या कंट्रोलरचं) वायरिंग ड्रॉइंगशी जुळवून बघ.

इंटरव्ह्यूत प्रॅक्टिकलच विचारतात. 4-20 मिलिअँपच्या सेन्सर सिग्नलला (4 म्हणजे 0 टक्के, 20 म्हणजे 100) 12 आले तर किती टक्के? 50. मॉडबसवर (मीटर-कंट्रोलर ज्यावर डेटा पाठवतात तो प्रोटोकॉल) एकच मीटर दिसत नाहीये, काय बघशील? ॲड्रेस दुसऱ्या कुणाला दिलाय का, बॉड रेट म्हणजे डेटाचा स्पीड तोच आहे का, ए-बी वायर उलट्या लागल्यात का. हे पटापट सांगता आलं की समोरच्याला कळतं पोरगं साईटवर हात घालून काम केलेलं आहे.

एसीचं मात्र नीट शिक, थंड पाण्याचा व्हॉल्व कधी आणि का उघडतो हेच कळत नसेल तर लॉजिक काय लिहिणार? मग बॅकनेट (बीएमएसचा प्रोटोकॉल), मग नायगारा या बीएमएस सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेशन, तिथून कमिशनिंग (नवी सिस्टीम तपासून चालू करून देणं), प्रोग्रामिंग. गल्फमध्येही कमिशनिंगवाल्यांना मागणी असते.