चरबीच्या पेशी कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवतात का? वजन उतरवलं तर केमो जास्त लागू पडते?

थेट पुरवत नाहीत, पण वाहिन्या वाढायला हातभार लावतात. गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे जायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या हव्यात, हे अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. चरबीच्या पेशी लेप्टिन (एक संप्रेरक) आणि व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडतात आणि वाहिन्यांना फुटवे येतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षवेलीला खरड छाटणीनंतर येतात ना, तसेच. चरबीतल्या काही मूळपेशी तर वाहिनीला बाहेरून बिलगतात, मांडवाच्या तारेसारखा आधार देतात. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध (अमेरिकेत मंजुरी २००४) व्हीईजीएफ अडवतं, पण गाठ दुसरी वाट शोधते.

वजनाचं म्हणाल तर केमो चालू असताना उपाशी राहू नका. इंदिरानगरच्या आमच्या मामींनी भाकरीच सोडली होती, डॉक्टर चांगलेच रागावले.