हाताने शिवलेलं चामड्याचं म्यान पावसाळ्यात टिकावं म्हणून काय लावावं?

आधी मीच एक विचारतो: म्यानाच्या टोकाला भोक ठेवलंय का?

तुम्ही लिहिलंय की सुरीसाठी म्यान स्वतः शिवलं, कोयनेच्या बाजूला शेतावर ते रोज कमरेला असतं, पहिल्याच पावसाळ्यात भिजून लिबलिबीत झालं, आतून बुरशी आली, पात्यावर काळे डाग पडले. आता ते वॉटरप्रूफ कसं करू, की सरळ कच्च्या कातड्याचं नवं करू, असं विचारताय. एवढ्या तपशिलात भोकाचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून शंका आली.

मीही पाटण तालुक्यातलाच. हौसेपायी कोयत्यांची, सुऱ्यांची म्यानं शिवतो. सुरुवातीची काही वर्षं मीही त्या वॉटरप्रूफच्याच नादी लागलो होतो. पॉलिश मारलं, व्हार्निश मारलं, एकदा तर छपराला लावायचं गळतीरोधकसुद्धा फासलं. मग हळूहळू डोक्यात शिरलं की म्यानाला वर तोंड असतंच, आणि आपल्याकडच्या पावसात पाणी त्या तोंडातून जाणारच. शिवाय बांधावर सुरी धुऊन आपण तशीच ओली खुपसतो. बाहेरून जितकं घट्ट बंद कराल तितकं आतलं पाणी आतच मुरतं. माझं व्हार्निश मारलेलं म्यान बाहेरून चकचकीत होतं आणि आतून सुरी गंजून त्याला चिकटली होती.

तेव्हा आधी टोकाला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा. शिवलेल्या म्यानालाही आरीने पाडता येतं, फक्त टाका तुटू देऊ नका. हवं तर पितळेची आयलेट, म्हणजे भोकाच्या कडेला ठोकायची कडी, बसवा. एवढ्यानेच तुमची निम्मी तक्रार कमी होईल.

आता चामडं कोणतं आहे ते बघा. कापलेली कड निरखा. आत निळसर-करडी झाक दिसली तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी पकवलेलं चामडं. ते मऊ असतं, पर्सला, जाकिटाला ठीक, पण म्यानाला नको: आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पातं खराब होतं. आतपर्यंत तपकिरी दिसलं, पाण्याचा थेंब टाकताच तेवढीच जागा गडद झाली, तर ते सालीवर पकवलेलं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून पकवलेलं, कोल्हापुरी चपलेला लागतं तेच. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात आपले सातारा-सांगली हे जिल्हेही आहेत, त्यामुळे हे कातडं शोधायला लांब जावं लागत नाही. म्यानाला ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं घ्या.

तुमच्या काळ्या डागांचं कारणही याच सालीत आहे. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पूर्वी काळी शाई करत, आठवतंय? सालीतला तुरट अंश, लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळं होतं. तुमची सुरी लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याची करून घेतलेली असणार, म्हणजे साधं पोलाद. ओल्या म्यानात ती रात्रभर राहिली की आत शाईच तयार होते. डाग वरवरचे असतील तर राखेने घासून जातील. त्यांच्याखाली खड्डे पडले असतील तर ते मात्र गंजाचे.

लावायचं काय, तर मधमाशीचं मेण आणि एरंडेल. बाकी सगळं करून मी पुन्हा इथेच आलो. खोबरेल नको, थंडीत गोठतं. शेंगतेल, करडईतेल काही महिन्यांत खवट वास मारतं. नुसतं एरंडेलही नको, कारण म्यान म्हणजे चप्पल नव्हे. चप्पल मऊ झाली तर पायाला बरं वाटतं, म्यान मऊ झालं तर पातं त्यातून मांडीत शिरतं. म्हणून मेण जास्त, तेल कमी: वजनाने दोन भाग मेण, एक भाग तेल.

मेण महाबळेश्वरच्या बाजूला मधवाल्यांकडे मिळतं. तिथलं मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. दुकानातल्या पांढऱ्या मेणबत्त्या चालत नाहीत, ते पॅराफिन. हातात दाबून बघा: मधमाशीचं मेण उबेने मऊ होऊन वळतं, पॅराफिनचा चुरा होतो. म्यानावर लावलं तर पॅराफिन घडीच्या जागी तडकतं आणि त्या भेगेतून पाणी बरोबर आत जातं.

मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. डबा थेट गॅसवर ठेवू नका, पेट घेईल. पातेल्यात पाणी उकळून त्यात डबा ठेवा, मेण वितळलं की तेल घाला. थंड झालं की बुटाच्या पॉलिशपेक्षा घट्ट असा गोळा होतो. हे काम मिरगाच्या आधी, मे महिन्यातल्या उन्हात उरका. म्यान पत्र्यावर अर्धा तास ठेवा, हाताला चांगलं गरम लागलं की चिंधीने गोळा चोळा. कातडं मेण पिताना दिसतं, मजा येते. ते प्यायचं थांबलं की वरचं पुसून टाका. शिलाईवर, कडांवर आणि टोकाला दुप्पट वेळ द्या. आत तेल ओतू नका, भुसा आणि माती चिकटून बसते. तोंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं चोळलं की पुरे.

म्यान अख्खं वितळलेल्या मेणात बुडवायचीही एक पद्धत आहे. कातड्यातून बुडबुडे येतात, ते थांबले की बाहेर काढायचं. मग ते लाकडासारखं टणक होतं आणि पाणी बऱ्यापैकी अडतं. पण कातडं आतपर्यंत कोरडं हवं. मी घाई केली. आदल्या दिवशी भिजवून आकार दिलेलं म्यान वरून सुकलेलं वाटलं म्हणून बुडवलं, मेणही तापलेलं जास्त होतं. ओलं कातडं ७० अंशांच्या आसपास आकसायला लागतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्यान माझ्या डोळ्यांदेखत पापडासारखं वळलं आणि त्यात सुरी काय, पेन्सिलही जाईना. म्हणून भिजलेलं म्यान चुलीजवळ किंवा हीटरपुढे कधीही वाळवू नका. सावलीत, वारा लागेल असं टांगा, दोन दिवस लागले तर लागू देत.

कडांबद्दल थोडं, कारण पाणी पाठीपेक्षा कडेतून जास्त शिरतं. कड रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) सरळ करा, पॉलिश कागदाने घासा, बोटाने पाणी किंवा पातळ डिंक लावा आणि लाकडाच्या गुळगुळीत दांडीने घोटा. घोटत राहा. तंतू बसून कड शिंगासारखी चकाकेपर्यंत. मग मेण. न घोटलेल्या कडेवर कितीही मेण लावलं तरी ते वाया. दोरा सुती असेल तर उसवून नायलॉनचा घाला, मेणावरून ओढून. सुती दोरा आपल्या पावसात कुजतो. आणि दोन थरांच्या मध्ये, शिलाईच्या रेषेत, कातड्याची एक पट्टी नसेल तर उसवलेलंच आहे म्हणून तीही घाला. नाहीतर दोरा कुजायच्या आत सुरीच तो कापेल.

आता कच्चं कातडं. कोयनेला नको.

हलगी पाहिलीय ना? हलगीचं तोंड कच्च्या कातड्याचंच. जरा दमट हवा झाली की ती उतरते, वाजवणारे शेकोटीवर धरून ती चढवून घेतात. तुमच्या म्यानाचंही तेच होणार, फक्त रानात शेकोटी कुठून आणणार? कच्चं कातडं पकवलेलं नसतं. कोरडं असताना ते प्लॅस्टिकसारखं कडक असतं, पाणी लागलं की फुगतं, मऊ पडतं, वास मारतं. मी एक केलं होतं, दिसायला फार देखणं, मधाच्या रंगाचं, उजेड आरपार दिसेल असं. जुलैमध्ये ते भिजून ढिलं पडलं म्हणून ओसरीवर टांगलं. सकाळी सुरी अंगणात आणि म्यान कुत्र्याच्या पोटात. त्याच्या दृष्टीने ते सुकं मांसच, त्याला दोष कसा द्यायचा.

तुमचे कोणी पाहुणे माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडे असतील आणि त्यांच्यासाठी करायचं असेल तर जरूर करा. तिकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरला तो ५५०० च्या वर जातो. कच्चं कातडं बहुतेक वेळा मीठ लावून ठेवलेलं असतं. ते चार-पाचदा पाणी बदलून धुवा, नाहीतर उरलेलं मीठ हवेतली ओल ओढून पातं गंजवतं. सुरीच्या मापाची लाकडी पट्टी आत घालून ओलं असतानाच शिवा, पट्टीसकट सावलीत खडखडीत वाळवा. वाळताना ते आवळतं, म्हणून पट्टी पात्याहून किंचित जाड घ्या. वरून चपड्या लाखेचं स्पिरिट पॉलिश, मिरजेत सतारीवर मारतात तसलं, पातळ चार-पाच हात द्या. आतल्या बाजूलाही. लाख पाण्याने पांढुरकी पडते, म्हणून शेवटी तिच्यावर मेण.

तुमचं आत्ताचं म्यान बहुधा वाचेल. बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, स्पिरिटच्या फडक्याने पुसा, आत काठीला फडकं गुंडाळून फिरवा. आठवडाभर सावलीत वाळवा. ढिलं पडलं असेल तर कोमट पाण्यात क्षणभर बुडवून, सुरीला तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि आत घालून बोटांनी दाबत आकार द्या. सुरी काढून पुन्हा पूर्ण वाळू द्या, मगच मेण.

यापुढे शेतातून आल्यावर सुरी म्यानात ठेवू नका. पुसून, तेलाचा हात फिरवून फळीवर, आणि म्यान तोंड खाली करून खुंटीला. कुत्रं पोचणार नाही इतक्या उंचीवर.